गावाचं शहर करायचं की नाही

माझा नवरा बोलणारा आणि मी गप्प बसणारी, ही आमच्या घरातली जुनी वाटणी. तो पुण्याचा. मराठी मंडळाची मीटिंग असो, शाळेतली पालकसभा असो, त्याला मुद्दा सुचतो आणि तो मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मी नागपूरची. सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. चुका शोधायच्या, लिहून कळवायच्या, बोलायचं कमी. पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ते मी. त्याने घेतलं नाही. "भारताचा पासपोर्ट परत करायला हात धजत नाही गं," असं तो म्हणाला आणि मी त्यावर वाद घातला नाही. त्यामुळे आमच्याकडे बोलायची हौस एकाला आणि मताचा हक्क दुसऱ्याला, अशी गंमत झाली.

आमचं गाव मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीपासून गाडीने फार लांब नाही. आमच्या घरापासून हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण त्या रस्त्याला फुटपाथ नाही. हिवाळ्यात बाजूला सारलेल्या बर्फाचे ढीग आणि धावत्या गाड्या यांच्या मधून आमची मुलगी चालत जायची, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत मी खिडकीतून हलायची नाही. मी गावाच्या ऑफिसला ईमेल केलं. उत्तर फार सभ्य आलं: तुमचं म्हणणं रास्त आहे, पण हे टाउन मीटिंगने मंजूर करायला हवं.

टाउन मीटिंग म्हणजे नेमकं काय, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं. नवऱ्याला अर्थातच माहीत होतं. "आपल्या गावाला मेयर नाही, काउन्सिल नाही," तो म्हणाला. "गावातला प्रत्येक मतदार जाऊन बसू शकतो. ती सभा म्हणजेच सरकार."

"म्हणजे ग्रामसभा?"

"ग्रामसभाच. पण इथे सभेने नाही म्हटलं की नाही. वर कुणी बसलेलं नाही."

आणि त्याच वसंतात सभेपुढे एक वेगळाच ठराव येणार होता. ही शेकडो वर्षांची पद्धत सोडून गावाने शहराचा चार्टर स्वीकारावा का, याचा विचार करायला नागरिकांची एक समिती नेमायची. चार्टर म्हणजे गावाची स्वतःची घटना म्हणा. तो स्वीकारला की गावाचं शहर होणार, मेयर येणार, निवडलेलं काउन्सिल येणार, आणि टाउन मीटिंग कायमची बंद. मला ते ऐकून बरंच वाटलं. एक मेयर, एक फोन नंबर. फुटपाथ करतो म्हणाला नाही तर पुढच्या वेळी मत नाही. ठरावाच्या बाजूने हात वर करायचा एवढ्याच हेतूने मी सभेच्या दिवशी, शनिवारी सकाळी, हायस्कूलच्या जिममध्ये, म्हणजे खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, गेले. नवरा बघायला म्हणून बरोबर आला.

दारात दोन बायका मतदारयादी घेऊन बसल्या होत्या. माझं नाव सापडल्यावर एकीने मला तळहाताएवढं नारिंगी कार्ड दिलं. मत द्यायचं तेव्हा हे उंच धरायचं. नवऱ्याला कार्ड नव्हतं. तिने त्याला हसून बाजूची जागा दाखवली. जिमच्या एका कडेला दोरी बांधून घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ज्यांना मत नाही त्यांनी तिथे बसायचं, सभेची परवानगी असल्याशिवाय बोलायचं नाही. तो तिकडे जाऊन बसला. त्याच्या शेजारी स्थानिक पेपरचा वार्ताहर आणि हायस्कूलची दोन-चार मुलं. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच एखाद्या सभेत मी आत आणि तो बाहेर होता.

मी लहानपणापासून सत्ता पाहिली ती स्टेजवर. हार, शाल, माइकची खरखर, समोर आम्ही मांडी घालून बसलेले. इथे मी ती शोधत होते आणि ती दिसेना. स्टेजवर एकटा मॉडरेटर होता, म्हणजे सभा चालवणारा. केमिस्ट्रीचे निवृत्त शिक्षक, हातात लाकडी हातोडी. गावाचे निवडून दिलेले कारभारी खाली, जमिनीवरच्या टेबलाशी बसले होते आणि लोकांकडे तोंड करून उत्तरं देत होते. लोक पायऱ्यांसारख्या बाकांवर. कुणी थर्मास उघडलेला, कुणाच्या बुटांना चिखल, एक आजी शांतपणे विणकाम करत होत्या. एक माणूस उठला आणि आपल्या गल्लीतल्या मोरीच्या पाइपबद्दल बोलला. तो पाइप किती गंजलाय, पाणी कुणाच्या अंगणात जातं. अख्खी जिम गप्प राहून ऐकत होती. त्याला कुणी "लवकर आटपा" म्हटलं नाही. त्याचं झाल्यावर मॉडरेटरने विचारलं, "जे अनुकूल असतील त्यांनी..." आणि शेकडो नारिंगी कार्डं एकदम वर गेली. माझंही गेलं. पाइप मंजूर झाला. माझ्या अंगावर काटा आला. पाइपसाठी! मी खरंच इकडेतिकडे पाहिलं, आणखी कुणाला तसं होतंय का. बाजूचा माणूस सँडविच खात होता.

मग समितीचा ठराव आला. समिती असावी यावर फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो तिच्यावर कोण असावं यावर. पद्धतीप्रमाणे मॉडरेटरने माणसं नेमायची. एक शेतकरी टोपीवाला गृहस्थ माइकपाशी गेला आणि म्हणाला, "मॉडरेटरसाहेबांबद्दल मला आदर आहे. पण ते आपल्या मित्रांना नेमतील."

"माझ्या वयाला मित्र फार उरत नाहीत," मॉडरेटर म्हणाले. हशा झाला.

"तरी पण," तो गृहस्थ हटला नाही, "मी दुरुस्ती सुचवतो. ज्यांची तयारी आहे त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहावं आणि सात चिठ्ठ्या इथेच, सगळ्यांदेखत काढाव्यात."

मला वाटलं, आता मॉडरेटर चिडतील. त्याने तोंडावर, भर सभेत त्यांच्यावर अविश्वास दाखवला होता. त्यांनी चष्मा सारखा केला, ती दुरुस्ती शब्दन् शब्द वाचून दाखवली, त्यावर कुणाला बोलायचंय का विचारलं आणि मताला टाकली. स्वतःचा अधिकार काढून घ्यायचा की नाही, हे त्यांनी स्वतःच आम्हाला विचारलं, आणि तेही मोरीच्या पाइपाबद्दल विचारलं होतं त्याच आवाजात. कार्डं वर गेली. दुरुस्ती मंजूर झाली. त्यांनी हातोडी आपटली आणि म्हणाले, "कुणाकडे एखादी मोठी पिशवी आहे का?"

त्या विणकाम करणाऱ्या आजींनी आपल्या पिशवीतली लोकर मांडीवर उपडी केली आणि पिशवी पुढे दिली.

चिठ्ठ्यांचे कागद बाकांवरून फिरू लागले. मी दोरीपलीकडे पाहिलं. नवरा खुर्चीच्या अगदी काठावर येऊन मला हाताने खुणा करत होता: लिही, लिही. मी मान हलवून नाही म्हटलं. त्याने पुन्हा खूण केली. तो उठून माझ्यापर्यंत येऊ शकत नव्हता, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काही तळमळ होती, की मी कागद घेतला आणि नाव लिहिलं. आपलं कुठलं येतंय, अशीही खात्री होतीच.

गावाचं दप्तर सांभाळणाऱ्या टाउन क्लार्कबाईंनी पिशवीत हात घातला. दुसरं नाव त्या आजींचंच निघालं. मग इतर काही. सहावं नाव वाचताना त्या अडखळल्या, पुन्हा पुन्हा कागद जवळ-लांब केला, आणि ते जरा वेडंवाकडं उच्चारलं. तेवढ्यावरून मला कळलं, की ते माझं आहे.

घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, यू? ऑन अ कमिटी? डझ बाबा नो?" बाबांना माहीत होतं. बाबा आधीच कॉम्प्युटर उघडून इतर गावांचे चार्टर वाचत बसले होते.

समितीची बैठक लायब्ररीच्या तळघरातल्या खोलीत व्हायची. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आम्ही अध्यक्ष निवडले. आवाज मोठा, बोलणं कमी. आजींची सफरचंदाची बाग होती, पती वारल्यावर त्या ती मुलीबरोबर सांभाळत. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मी या कल्पनेच्या विरोधात आहे, हे सांगून टाकते. पण मी ऐकेन." मी म्हणाले, "मी बाजूने आहे. मीही ऐकेन." माझ्याच आवाजाने मी दचकले. बाकीच्या पाचजणांचं मत अजून ठरलं नव्हतं.

कायद्याने अशी प्रत्येक बैठक सर्वांना खुली. कुणीही यावं, बसावं. सात माणसं काहीतरी वाचत बसलीत हे पाहायला कोण येणार? माझा नवरा यायचा. बऱ्याचदा श्रोत्यांच्या खुर्च्यांवर तो एकटाच असायचा, मांडीवर वही. शेवटची दहा मिनिटं लोकांच्या सूचनांसाठी राखलेली असत. अध्यक्ष मान वर करून खोलीभर नजर फिरवायचे, जणू तिथे गर्दी आहे, आणि विचारायचे, "जनतेपैकी कुणाला बोलायचंय?" आणि जनता उठून उभी राहायची. त्यांनी कधी त्याला चेष्टेवारी नेलं नाही. तो मुद्दा मांडायचा, आजी टिपून घ्यायच्या. गाडीत बसल्यावर मी त्याला म्हणायचे, "अरे, हे मला घरीच सांगितलं असतंस तर?" तो म्हणायचा, "घरी सांगितलेलं बैठकीच्या नोंदीत, मिनिट्समध्ये येत नाही."

आम्ही वाचत होतो ते इतर शहरांचे चार्टर. मला वाटलं होतं, कंटाळवाणं असेल. पण एका ओळीत लिहिलेलं असायचं, मेयर आजारी पडला तर गाव कुणी चालवायचं. दुसरीत, लोकांना काउन्सिलचा निर्णय पटला नाही तर सह्या गोळा करून तो परत कसा आणायचा. ही वाक्यं कुणी आकाशातून टाकलेली नव्हती. कुठल्या तरी लायब्ररीच्या तळघरात आमच्यासारखीच माणसं, कॉफीचे कप सरकवत, "शकतो" लिहायचं की "लागेल" लिहायचं यावर भांडली होती. माझ्या कामात मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांमधल्या फटी शोधते. इथे आम्ही शोधत होतो ती फट, जिच्यातून खरी माणसं खाली पडतील अशी. एका संध्याकाळी बैठक संपल्यावर मी तशीच बसून राहिले. दंतवैद्य असलेले एक सदस्य म्हणाले, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही. आपल्याला हे करू देतात, याचं नवल वाटतंय." त्यांनी रिकामा कप कचऱ्यात टाकला. म्हणाले, "करू देणारं तसं कुणी नाहीये. आपणच आहोत."

शेजारच्या एका गावाने काही वर्षांपूर्वी चार्टर स्वीकारून शहर व्हायचं ठरवलं होतं. तिथलं काउन्सिल कसं चालतं ते पाहायला आजी आणि मी गेलो, त्यांच्या पिकअप ट्रकमधून. गाडीत सफरचंदांचा आणि डिझेलचा वास. त्या शहराचे फुटपाथ मी गाडीतूनच पाहिले: सरळ, रुंद, कोपऱ्याकोपऱ्याला उतार केलेले, व्हीलचेअर जाईल असे. मी मान वळवून ते मागे पडेपर्यंत पाहत राहिले. आजीच म्हणाल्या, "पाहिलेत मी."

काउन्सिलची बैठक सुंदर दालनात होती. काउन्सिलर उंचावर, लाकडी कमानीमागे. लोकांनी एकेक करून खाली माइकपाशी यायचं, प्रत्येकाला तीन मिनिटं. एक तरुण आई कडेवर बाळ घेऊन आली आणि आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या वेगाबद्दल बोलली. वेळ संपल्याची घंटी वाजली. वरून एकजण म्हणाला, "धन्यवाद. पुढे?" ती क्षणभर थांबली, काहीतरी उत्तर येईल म्हणून. मग गेली.

परतताना मी म्हणाले, "पण मेयरने तिचं नक्की टिपून घेतलं असेल. कदाचित पुढच्या महिन्यात तिथे गतिरोधक होईलही. आपल्याकडे पुढच्या वसंताच्या सभेपर्यंत थांबावं लागलं असतं."

"खरं आहे," आजी म्हणाल्या. पुढच्या चौकात त्यांनी ट्रक वळवला. मग म्हणाल्या, "मी तरुण असताना शाळेच्या छपरासाठी सभेत पहिल्यांदा बोलले. हरले. नंतरही जिंकल्यापेक्षा हरलेच जास्त. पण मला कुणी हरवलं ते मी दर वेळी डोळ्यांनी पाहिलंय. हात वर असतात ना. ती माणसं मला दुकानात भेटतात, चर्चमध्ये भेटतात. त्यांना मला तोंड द्यावं लागतं आणि मला त्यांना."

मला ते पटलं. पण एक प्रश्न होता, तो मी विचारला. "आणि ज्यांना हातच वर करता येत नाही, ते?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तुमचे मिस्टर," त्या म्हणाल्या.

"ते आहेतच. पण ते तरी येतात. बाकीच्यांना ही सभा असते हेच माहीत नाही. मलाही नव्हतं."

त्यांनीच पुढच्या बैठकीत ठराव मांडला, की मत नसलेल्या रहिवाशांसाठी एक वेगळी सुनावणी घ्यावी. मांडणारी चार्टरच्या विरोधातली बाई, तेव्हा यात बाजूच्यांचा काही डाव आहे असं कुणाला म्हणता येईना, आणि कुणी अडवलं नाही.

ती सुनावणी रविवारी दुपारी झाली. मी व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपवर टाकलं, तरी वाटलं होतं, कोण येतंय. खोली भरली. घरं रंगवणारे ब्राझीलचे भाऊ आले, हॉस्पिटलमधली घानाची एक नर्स ड्यूटीच्या कपड्यांत आली, आणि आपले पुणे-नागपूर-हैदराबादचे सगळे. एकजण मागे उभा राहून म्हणाला, "यार, आम्ही ग्रीन कार्डच्या लाइनमध्ये आहोत. नोकरी गेली तर सामान बांधून जावं लागेल. या गावाचं शहर झालं काय, न झालं काय?" हे तो मला मराठीत म्हणाला. मी ते इंग्रजीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "त्यांना सांगा, की ते जातील तोपर्यंत रस्ता त्यांचाही आहे." तो खाली बसला. नंतर तो रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल बराच बोलला.

मग एक काकू उठल्या. मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या, पायात मोजे आणि सँडल, अंगात मुलाचं जाकीट. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्या माइक दोन्ही हातांत धरून मराठीतच बोलू लागल्या. "मला शहराचं कळत नाही. मी रोज तळ्यापर्यंत चालत जाते. मध्ये कुठं बसायला बाक नाही. गुडघे दुखतात. कुणाच्या पायरीवर बसावं तर लोक काय म्हणतील, असं वाटतं. तेवढं बघा." मी भाषांतर करत होते आणि त्या पायरीपाशी येऊन थांबले. समितीतले सगळे पेन हातात घेऊन वाट पाहत राहिले. या देशात सरकारने काकूंना पहिल्यांदाच काही विचारलं होतं, आणि ते सरकार म्हणजे मी होते.

शेवटी मत द्यायची वेळ आली. अध्यक्षांनी एकेकाला विचारलं. मी सगळ्यात उशिरा बोलले. मनात ते दालन होतं आणि ती जिम होती. पण त्या रविवारची खोलीही होती. जिममध्ये ज्यांना शनिवारची सुट्टी मिळते, ज्यांची मुलं सांभाळायला कुणी असतं, ज्यांना बोलायची सवय असते तेच येतात. नर्सची पाळी असते. काउन्सिलर निवडला तर निदान त्याला तिच्याकडे मत मागायला जावं लागेल, ती नागरिक झाली की. मी चार्टरच्या बाजूने मत दिलं. आजींनी विरोधात. बहुमत आमचं झालं: गावाने पुढचं पाऊल टाकावं आणि चार्टर लिहिण्यासाठी रीतसर मंडळ निवडावं, अशी शिफारस.

"सभेपुढे कोण मांडणार?" अध्यक्षांनी विचारलं आणि माझ्याकडे बोट केलं. "ज्याला ठरवायला सगळ्यात त्रास झाला त्याने मांडावं."

पुढच्या वसंतातल्या त्या शनिवारी जिम इतकी भरली, की कॅफेटेरियात पडदा लावून तिथेही लोक बसवले. मी माइकपाशी गेले आणि कागद उलगडला. पहिलं वाक्य बोलले आणि ते स्पीकरमधून परत माझ्याकडे आलं, कुणा दुसऱ्याच बाईचं असावं तसं. मग सवय झाली. मी चार्टर का, ते सांगितलं. विरोधाचं म्हणणंही समितीच्या वतीने मीच सांगितलं, आजींच्या शब्दांत. बाकांवरचे ते सगळे चेहरे माझ्याकडे पाहत होते, आणि माझ्या उच्चारावर कुणाचं लक्ष आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

मी संपवलं आणि दोरीपलीकडे एक हात वर गेला.

मॉडरेटरनी पाहिलं. "हे गृहस्थ मतदार नाहीत," ते म्हणाले. "सभेच्या परवानगीशिवाय मी त्यांना बोलू देऊ शकत नाही. कुणाची हरकत?"

"हरकत आहे," मागून कुणीतरी म्हणालं. आवाजात राग नव्हता. "नियम आहे म्हणून."

"मग मत घेऊ. या गृहस्थांना बोलू द्यावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी..."

मी माइकपाशी उभी होते, सगळ्या सभेकडे तोंड करून, म्हणून मला ते पूर्ण दिसलं. कार्डं वर गेली. आधी पुढच्या ओळीतली, मग बाजूची, मग वरपर्यंत, बाकांच्या शेवटच्या पायरीपर्यंत नारिंगी. आजींनी विणकामाच्या सुईत अडकवून कार्ड वर धरलं होतं. एका माणसाला बोलू द्यायचं की नाही, एवढंच त्या शेकडो लोकांना विचारलं होतं, आणि त्यांनी ते मनापासून विचारात घेतलं होतं. माझं कार्ड मी छातीशी धरून उभी होते. वर करायचं भान उशिरा आलं. हरकत घेणाऱ्यानेही वर केलं होतं. नियमाप्रमाणे विचारलं गेलं, एवढंच त्याला हवं असावं.

नवरा माइकपाशी आला. त्याच्या हातात चार मुद्दे लिहिलेला कागद होता. घरी मला दोनदा वाचून दाखवलेला. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला शब्दासाठी अडलेला पाहिला नव्हता.

"मी मुद्दे आणले होते," तो म्हणाला. "पण तुम्ही आत्ता माझ्यासाठी हात वर केलेत. असं याआधी कुणी केलं नव्हतं." त्याने एकदा वरच्या बाकांपर्यंत पाहिलं. "हे शहर झालं, तर मला बोलायला तीन मिनिटं मिळतील. न मागता, हक्काने. इथे मला मागावी लागली. पण तुम्ही दिलीत. यातलं जास्त चांगलं कुठलं, मला खरंच ठरवता येत नाहीये. तुम्ही ठरवा. थँक यू."

आणि तो जाऊन आपल्या खुर्चीवर बसला.

चर्चा दुपारपर्यंत चालली. टोपीवाला गृहस्थ बोलला, नर्सचा उल्लेख करून एक शिक्षिका बोलली, आजी बोलल्या. मग मत झालं. मोजायची गरजच नव्हती. नकाराची कार्डं इतकी होती, की मॉडरेटरनी फक्त एकदा नजर फिरवली. शिफारस फेटाळली गेली. गाव गावच राहणार.

आमची अनेक महिन्यांची मेहनत हातोडीच्या एका ठोक्यात संपली, आणि पुढच्याच मिनिटाला सभा कुत्र्यांच्या लायसन्सवर गेली. मी माझ्या जागेवर येऊन बसले. वाईट वाटेल म्हणून वाट पाहत होते. वाटलंही थोडं. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं, त्याला नाव देता येईना. या लोकांना आम्ही एक सोपी वाट दाखवली होती: दर दोन वर्षांनी मत द्या आणि घरी बसा. ती त्यांनी ऐकली, समजून घेतली, आणि नको म्हणाले. पाइप आणि कुत्री आणि शाळेचं छप्पर, सगळं आम्हीच बघू, म्हणाले. मला कुणी हरवलं ते मी पाहिलं होतं. बाजूचा माणूस, ज्याने विरोधात कार्ड धरलं होतं, त्याने मला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या आणि म्हणाला, "चांगलं बोललात." मी त्या खाल्ल्या आणि कुत्र्यांच्या लायसन्सवर मत दिलं.

सभा संपल्यावर सगळ्यांनीच खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या. मॉडरेटरही लावत होते. मला पाहून ते हातातली खुर्ची टेकवून उभे राहिले.

"सिमेट्री कमिशनवर एक जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "गावाची जुनी दफनभूमी. भिंती पडल्यात, दगडांवरची अक्षरं पुसट झालीत. ती नेमणूक अजून माझ्या हातात आहे. विचार कराल?"

गाडीत मी नवऱ्याला सांगितलं. त्याने इंजिन सुरू करता करता हात थांबवला.

"स्मशान? अगं, आपल्यात तर जाळतात. त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं ना."

"मग?"

"म्हणाले, मग तर तुम्ही अगदी निःपक्षपाती राहाल."

तो इतका हसला, की त्याला चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसत होते. पण हो तर मी तिथेच, जिममध्ये, खुर्च्या लावता लावता म्हणून आले होते.